व्होल्ट जास्त चालतील

वरच्या मजल्यावरच्या आजींचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरघरायला लागला. स्वर लागत होता, पण त्याच्या तळाशी एक जाडसर भुणभुण होती. आजींना दाराची बेल ऐकू येत नाही, ही भुणभुण मात्र बरोबर ऐकू येते. "अगं, हा काय करून राहिलाय बघ बरं, मला सा सापडत नाहीये," म्हणत त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. मागचे स्क्रू काढले, तर पॉवर सप्लायमधला एक कपॅसिटर वरून फुगलेला. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. घरातली वीज ५० हर्ट्झची. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की तिचे उंचवटे दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० होतात, आणि ते सपाट करायचं काम या कपॅसिटरचं. तो सुकला की ते १०० हर्ट्झ थेट स्पीकरपर्यंत जाऊन पोचतात. आजींचा सा त्यात बुडाला होता. अगदी किरकोळ किमतीची वस्तू. संध्याकाळी इंदूरच्या जेल रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या जुन्या दुकानात गेले.

दुकान तेच, पाटी नवी. दर्शनी भागात मोबाइलची कव्हरं टांगलेली, खाली काचेत चार्जर, इअरफोन, टेम्पर्ड ग्लासच्या चळती. गल्ल्यावर विशी-बाविशीचा मुलगा. मी कपॅसिटर मागितला, तर त्याला वस्तू कळली. गोंधळला नाही, की माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं नाही. म्हणाला, "आंटी, अब ये एक-एक पीस कौन रखता है? ऑनलाइन मंगवा लो." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं स्वतःचा फोन काढला, शोधून दिलं, पडदा माझ्याकडे वळवला. "ये देखो, दस का पैक. लिंक भेज दूँ?"

मी लिंक घेतली. पाकीट आलं, कपॅसिटर बसवला, भुणभुण गेली, आजी पहाटे पुन्हा यमन-भैरव काय हवं ते गायला लागल्या. तक्रार करायला कुठे जागाच नाही. दुकानदारानं आपल्याच गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाइकाला दुसरीकडचा रस्ता दाखवला, तोही इतक्या आपुलकीनं, हे मात्र डोक्यातून जाईना.

या दुकानात मला पहिल्यांदा काकानं नेलं होतं. काका कापड मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात. वर्षभर तो मोटारी आणि स्टार्टर यांच्यात असायचा, पण आषाढ लागला की त्याचं लक्ष झांकीकडे, म्हणजे ट्रॉलीवरच्या दिव्यांच्या देखाव्याकडे. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला मिलच्या झांक्या निघतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, इथल्यांना नाही. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार. मिल बंद पडल्या तरी झांक्या थांबल्या नाहीत. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद झाली, कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला, आणि करोनाची दोन वर्षं सोडली तर या मधल्या सगळ्या वर्षांत तिची झांकी रस्त्यावर येत राहिली. चिकमंगळूर चौराह्याकडून त्या जेल रोडवर वळतात. म्हणजे ज्या रस्त्यावर त्यांच्या दिव्यांचं सामान मिळायचं, त्याच रस्त्यावरून ते दिवे फिरत जायचे.

आधी हे फिरते दिवे मोटारीवर चालत. लाकडी डबडं, त्याला तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, ते गरगर फिरायचं आणि पट्टी टेकेल तो दिवा लागायचा. ठिणग्या उडायच्या, पट्ट्या काळ्या पडायच्या, आणि रात्री दोन वाजता राजवाड्याच्या अलीकडे कुठेतरी काका सँडपेपर घेऊन ट्रॉलीखाली शिरायचा. मग कुणीतरी त्याला सांगितलं की आता हे काम दोन आयसी, म्हणजे अख्खं सर्किट पोटात असलेल्या दोन चिप, करतात. एक ५५५, जी टिकटिक देते. दुसरी ४०१७, जी प्रत्येक टिकेला पुढच्या पायावर उडी मारते, दहा पायांवर ओळीनं, मग पुन्हा पहिला. प्रत्येक पायापुढे एक ट्रायक, बीटी १३६, जो घरच्या विजेचा बल्ब सांभाळतो. ५५५ ही हान्स कामेन्झिंड या स्विस अभियंत्यानं १९७१ मध्ये अमेरिकेत आखली, पुढच्या वर्षी ती बाजारात आली आणि अजूनही येते आहे. काकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं आठ पायांचा तो काळा तुकडा तळहातावर घेतला, उलटा केला, आणि दुकानदाराला विचारलं, "ये इतना सा मेरी झांकी चलाएगा?" मी तेव्हा शाळेत होते. माझं काम कागद धरायचं, ज्यावर सर्किट होतं.

दुकान म्हणजे एक बोळच. समोर लाकडी काउंटर, मागे भिंतभर छोटे ड्रॉवर, आणि त्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं लिहिलेले आकडे: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. हे आकडे मला पाढ्यासारखे पाठ झाले ते तिथे उभं राहून. असे विचित्र आकडे का, हे पुढे कॉलेजात कळलं. ते रेझिस्टरचे, म्हणजे करंट अडवणाऱ्या भागाचे आकडे; खरा आकडा दहा टक्के इकडे-तिकडे असायचा, म्हणून असे बारा आकडे निवडले की एकाची वरची हद्द दुसऱ्याच्या खालच्या हद्दीला भिडावी आणि मधलं काही सुटू नये. कॉलेजात हे शिकवताना सरांनी फळ्यावर आलेख काढला होता. माझ्या डोळ्यांपुढे पिवळे आकडेच आले.

वास सांगायला हवा. राळ जळल्याचा गोडसर वास, ट्रान्सफॉर्मरच्या व्हार्निशचा उग्र वास, आणि फेरिक क्लोराइडच्या डब्याचा गंजलेल्या लोखंडासारखा. कपड्यावर त्याचा एक थेंब पडला की तो तपकिरी डाग कपडा फाटेपर्यंत राहतो. आमच्या घरात अशी एक ओढणी अजून आहे, फडकं म्हणून. दुकानदार सेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे, खात बसलेला असायचा आणि त्याच वर्तमानपत्राच्या उरलेल्या भागात ट्रान्झिस्टरची पुडी बांधून द्यायचा. घरी येऊन पुडी सोडली की बीसी ५४८च्या तीन पायांत एखादं परमल अडकलेलं.

रांग नव्हती, पण क्रम होता. पहिला मान टीव्ही मेकॅनिकांचा. ते सायकलीवरून उतरायच्या आधीच ओरडायचे, "बीयू दो सौ आठ, एक ईएचटी," आणि टीव्हीचा तो भाग हातात पडायचा. पैसे वहीत. त्यांच्यानंतर अँप्लिफायर बनवणारे. त्यांच्या आयसी टीबीए ८१०, पुढे ४४४०. बँडवाले, भजनी मंडळंवाले, ऑर्केस्ट्रावाले. एखाद्या शनिवारी कॅटमधले, म्हणजे सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीमधले लोक. सुखनिवासला १९८४ मध्ये त्या संस्थेची पायाभरणी झाली, आणि तिथल्या प्रयोगशाळेत काय काय येत असेल ते असो, घरच्या छंदासाठी ही मंडळी आमच्याच काउंटरला टेकायची. सगळ्यात शेवटी विद्यार्थी, ज्यांच्याकडे कागद असायचा आणि कागदावर कुठल्याशा मासिकातून उतरवलेलं सर्किट.

आणि विद्यार्थ्यांच्याही मागे मी.

गिऱ्हाईक कुठलंही असो, दुकानदार त्याला 'भिया', म्हणजे भैया, म्हणायचा. मला काय म्हणावं हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. काका बरोबर असला की "बिटिया", एकटी गेले की नुसतंच "हां". मी डायोड मागितला की तो माझ्या मागे बघायचा, कुणी मोठं माणूस आहे का म्हणून. एकदा मी एसएल १०० आणि एसके १०० ही ट्रान्झिस्टरची जोडी मागितली, तर शेजारी उभ्या मेकॅनिकनं मला न विचारता परस्पर सांगून टाकलं, "इनको टॉर्च का बल्ब चाहिए होगा." सगळे हसले. दुकानदारही. मग त्यानं ड्रॉवर उघडून जोडी काढली, मीटर लावून दोन्ही तपासली, मला काटा दाखवला आणि पुडी बांधली. त्याच्या हसण्याचा राग आणि त्या काट्याबद्दलचा मान हे दोन्ही इतक्या वर्षांत माझ्या मनात शेजारी शेजारी राहिलेत, एकानं दुसऱ्याला हलवलेलं नाही. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचा क्रम लक्षात राहावा म्हणून आम्हा सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावत, बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ. त्या रॉयच्या बायकोला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

म्हणून जुन्या दुकानांच्या आठवणीनं गहिवरणारे लेख वाचले की मी जरा मागे सरकते. त्या काउंटरवर सगळ्यांना सारखी जागा होती असं कुणी लिहिलं, तर ते खोटं आहे. भाव माणूस बघून लागायचा. बिल मागितलं की वस्तू संपलेली असायची. २एन ३०५५ हा मोठा ट्रान्झिस्टर म्हणून दिलेल्या धातूच्या टोपीत भलतंच काही निघायचं. टोपी करवतीनं कापून बघितली तर आत नखाच्या टोकाएवढी चकती, जिला तेवढा करंट पेलणं कधीच शक्य नव्हतं. डेटाबुक नावाची गोष्ट, म्हणजे कुठला भाग किती पेलतो ते सांगणारं पुस्तक, काउंटरखाली असायची, पण तिला हात लावायची परवानगी नाही. आज अलीराजपूरच्या कुठल्या मुलीला ईएसपी ३२चा बोर्ड, म्हणजे वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर, हवा असेल, तर तो तिच्या दारात येतो, डेटाशीट फुकट मिळते, आणि तिच्या मागे मोठं माणूस उभं आहे का हे कुणी बघत नाही. हे मला कुठल्याही पिवळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं, आणि ते मी गणपतीत, लग्नात, जिथे विषय निघेल तिथे सांगते.

शिवाय ऑनलाइननं दुकानं मारली, हे मला पुरतं पटत नाही. ती आधीच आजारी होती. छंदवाल्या लोकांच्या जिवावर असलं दुकान कधी चाललंच नाही. आम्ही आठवड्याला चार रेझिस्टर घेणार, त्यातही घासाघीस करणार. दुकानाचं भाडं निघायचं ते मेकॅनिकांच्या वहीतून. पावसाळ्यात विजा कडाडल्या, लाइट कमी-जास्त झाली, की गल्लोगल्ली टीव्ही बसायचे आणि त्या बोळात पाय ठेवायला जागा नसायची. मग काचेच्या पोटाचे टीव्ही गेले. पातळ टीव्ही आले, ज्यांच्यात अख्खा बोर्ड बदलतात किंवा अख्खा टीव्ही. सुट्या भागांना पाय असायचे ते गेले, तांदळाच्या कणीएवढे तुकडे थेट बोर्डाला चिकटून यायला लागले. बीयू २०८ मागणारा माणूस सायकलीवरून उतरायचा थांबला, आणि त्याच्याबरोबर आमच्या चार रेझिस्टरचा आधार गेला. अमेरिकेत अशाच दुकानांच्या साखळीनं, रेडिओशॅकनं, २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, इंग्लंडात मॅपलिनची दुकानं २०१८ मध्ये बंद झाली. तिथले लोकही हळहळले. पण रेडिओशॅकसुद्धा तोवर बरीच वर्षं मोबाइल विकण्याच्याच मागे लागलं होतं. जेल रोडच्या मुलानं कव्हरं टांगली, तर तो जगाबरोबरच होता म्हणायचं.

मग गेलं काय? हे मला तानपुऱ्याचं झाकण लावतानाही नीट सांगता येत नव्हतं. स्वस्ताई गेली नाही, उलट आता स्वस्त आहे. माल गेला नाही, आता कितीतरी जास्त आहे. थोडं थोडं करून जे सापडलं ते हे, की शोधायच्या चौकटीत वस्तूचं नाव आधी माहीत असावं लागतं. त्या काउंटरवर नाव माहीत नसताना जाता यायचं.

"वो जो लाइट बंद होते ही अपने आप जलता है," एवढंच सांगून मुलं उभी राहायची. दुकानदार एलडीआर, म्हणजे उजेड-अंधार ओळखणारा भाग, काढून द्यायचा. "घंटीत गाणं वाजवायचंय." तो तीन पायांची, गाणं वाजवणारी आयसी यूएम ६६ काढायचा, पण हातात द्यायच्या आधी विचारायचा, सेल किती लावणार? कारण ती साडेचार व्होल्टपर्यंतच जगते, आणि मुलांच्या घरी हटकून नऊची चौकोनी बॅटरी असते. हा प्रश्न त्याला कुणी शिकवला नव्हता. जळलेल्या यूएम ६६ परत घेऊन आलेल्या मुलांनी शिकवला होता.

आणि वस्तू नसली की खरा माणूस दिसायचा. बीसी १४८ आता येत नाही, ५४८ घे, तोच आहे, पाय मात्र बघून लाव. दहा के, म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर, संपला, दोन ४.७ ओळीत जोड, साडेनऊच्या आसपास होईल, तुझ्या सर्किटला काय फरक पडतो? कपॅसिटर २५ व्होल्टचा नाही, ३५चा लाव. "वोल्ट ज्यादा चलेगा, कम नहीं चलेगा." हे शेवटचं मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले तेव्हा वर्गात तेच वाक्य मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत सांगत राहिले. पुस्तकात याला एक आख्खं पान लागतं. विजेचा दाब सहन करायची ताकद जास्त असली तर बिघडत नाही, कमी असली तर फुगतं आणि फुटतं. आणि ८५ अंशांचा घेऊ नका, १०५ लिहिलेला घ्या, बंद डब्यात उष्णतेनं सुकतो. हेही तिथलंच.

माझे विद्यार्थी २०००च्या पुढे तिथे जायला लागले तेव्हा ८९सी५१ या मायक्रोकंट्रोलर चिपचा जमाना होता. प्रोजेक्ट म्हणजे ८९सी५१. मुलगा जाऊन नुसती आयसी मागायचा. दुकानदार आयसी काढायचा, तिच्याशेजारी चाळीस पायांचा बेस ठेवायचा, शेजारी तिला ठोके देणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, शेजारी ३३ पीएफचे दोन कपॅसिटर. मुलगा म्हणायचा, क्रिस्टल बाराचा द्या, गोल आकडा आहे. तो म्हणायचा, कॉम्प्युटरशी जोडणार ना? मग हाच. का, ते त्याला माहीत नव्हतं. मी वर्गात फळ्यावर भागाकार करून दाखवायचे, की ११.०५९२ मेगाहर्ट्झला बारानं, मग बत्तीसनं, मग तीननं भागलं की बरोबर ९६०० येतात, बाकी शून्य, आणि सीरियल पोर्टला नेमके तेवढेच हवे असतात. बाराच्या क्रिस्टलनं ते जमत नाही. मुलं म्हणायची, मॅडम, जेल रोडवाल्यानं आधीच दिला. कारण माझ्याकडे आणि उत्तर त्याच्याकडे, अशी आमची वाटणी होती. आम्ही एकमेकांशी याबद्दल कधी बोललो नाही.

आता संकेतस्थळावरही खाली लिहिलेलं असतं, की हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं. ते चुकीचं नसतं. फक्त नाही म्हणत नाही. "ये मत ले, तेरे काम का नहीं" असं मला आजवर कुठल्याही पडद्यानं सांगितलेलं नाही, आणि सांगेल अशी आशाही नाही.

ते ड्रॉवर अजून आहेत, बरं का. कव्हरांच्या मागे, भिंतभर. त्या दिवशी मुलानं ६८च्या ड्रॉवरमधून एका गिऱ्हाइकाला सिम काढायची पिन काढून दिली. वरच्या माळ्यावर त्याचा धाकटा भाऊ सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करतो. गरम हवेनं आयसी उचलतो, मेलेल्या फोनची काढून जिवंत फोनला लावतो. मी जिना चढून बघायला गेले, कारण मला राहवलं नाही. टेबलावर एका जुन्या बोर्डाचे अवयव कप्प्याकप्प्यांत लावून ठेवलेले. मी विचारलं, हा नसला तर कोणता चालतो? त्यानं मान वर न करता दोन-तीन मॉडेलांची नावं सांगितली, आणि एकाचं नाव सांगून म्हणाला, "वो दिखता सेम है, पर मत लगाना, गरम होता है." खाली उतरताना मी बरीच खुशीत होते, आणि जरा मत्सरातही, कारण त्याचा एकही आकडा मला ओळखीचा नव्हता.

हे सगळं मी पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगितलं. तो सॉफ्टवेअरवाला. म्हणाला, "आत्या, तुला दुकान नकोय, तुला तुझं वय परत हवंय." असेल. वय परत मिळालं तर मी काही नको म्हणणार नाही, पण ते घेऊन पुन्हा त्या रांगेच्या शेवटी उभी राहणार नाही, एवढं त्याला सांगितलं. आणि दिवाळीनंतर पुण्याला येतेय, तेव्हा एक सकाळ मोकळी ठेव, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं अजून आहेत म्हणे, तिकडे जायचंय, असंही. यादी तयार आहे: आजींच्या तानपुऱ्याचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवायच्या बटणाचा भाग, खरखरतोय, काकाच्या जुन्या अँप्लिफायरला ४४४० हवी, दोन-तीन रिले, आणि एक भाग असा की ज्याचं नाव मला माहीत नाही, नमुना पर्समध्ये टाकून नेणार आहे.

"आत्या, हे सगळं ऑनलाइन मिळतं गं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "भाव तिथूनच बघून ठेवलेत. घासाघीस करताना लागतील."